दोन क्रेडिटचं भौतिकशास्त्र

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मला भौतिकशास्त्र लागलं, आणि ते घरात कसं सांगायचं हे मला बरेच दिवस कळलं नाही.

बी.ए.ला कसलं भौतिकशास्त्र, असं सगळे विचारतात. पण नव्या धोरणात तसं आहे. कला शाखेच्या मुलांनी एक विषय दुसऱ्या शाखेतला घ्यायचा, त्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. मी अर्जात पहिलं पर्यटन टाकलं, मग बँकिंग, मग अन्नप्रक्रिया. शेवटचा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढं सरकेना, म्हणून उरलं होतं त्यावर बोट ठेवलं. अर्ज उशिरा गेला, वरच्या जागा भरल्या आणि नको ते पदरात पडलं. 'दैनंदिन जीवनातील भौतिकशास्त्र', दोन क्रेडिट.

मी ऑफिसच्या खिडकीत जाऊन क्लार्कना म्हटलं, "मला विषय बदलून पाहिजे."

"पोर्टल बंद झालं, बाळ."

"दुसरं कायपण चालंल."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "विषय हाय, वाघ न्हवं. जावा वर्गात."

मी कॉलेजच्या जिन्यात बसून राहिले. माझी भीती विषयाचीही होती, पण त्याहून जास्त घराची होती.

आमचं घर शहराबाहेर, कळंब्याच्या पुढं. चार म्हशी, थोडा ऊस. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. दहावीला शाळेत पहिला आला तेव्हा चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता. बारावीनंतर डॉक्टर व्हायच्या परीक्षेसाठी त्याला लांबच्या एका गावी क्लासला ठेवलं. पहिल्या वर्षी थोडक्यात राहिलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसला, आणि त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका दुपारी कुणाला न सांगता घरी आला. पाठीला सॅक, बाकीचं सामान तिथंच. आई गोठ्यात होती. "पोट बिघडलंय," एवढंच तिला म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला. ते झोपणं महिनाभर तरी चाललं असेल.

त्या दिवसांत तो दिवसभर पडून असायचा, पण पहाटे मात्र उठून कळंब्याच्या तलावाकडं चालत जायचा. आई मला हलवून उठवायची. "जा, त्याच्या मागनं जा. कळू देऊ नगंस." मी ओढणी डोक्याला गुंडाळून लांबून चालायचे. दादा बंधाऱ्यावर बसायचा आणि मी रस्त्याला लावलेल्या एखाद्या गाडीच्या आडोशाला उभी राहायचे. फिरायला आलेली माणसं हसत बोलत जायची. मला फक्त तो उठतो कधी एवढंच बघायचं असायचं. उठला की मी आधी पळत घर गाठायचे आणि आईला मानेनं खूण करायचे. मग ती चूल पेटवायची.

पप्पांनी त्याला गावातल्या एका डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या चालू झाल्या, हळूहळू तो माणसात आला. म्हशी त्यानं अंगावर घेतल्या. धारा काढणं, डेअरीला दूध घालणं, वैरण, सगळं तोच बघायला लागला. हसायचाही. पण घरातले काही शब्द आपोआप बंद झाले. परीक्षा, निकाल, फिजिक्स. माझा बारावीचा निकाल होता त्या दिवशी आई मोबाईल घेऊन घरामागच्या परड्यात गेली आणि तिथं बघून आली.

अशा घरात भौतिकशास्त्र घेऊन कसं शिरायचं? मी आईला सांगितलं, पर्यटन मिळालं. आई म्हणाली, बरं झालं, फिरायला मिळंल.

पहिल्या तासाला आम्हाला पायऱ्या-पायऱ्यांच्या बाकांच्या हॉलमध्ये बसवलं. सगळी कला आणि कॉमर्सची मुलं, सगळ्यांच्या तोंडावर एकच कळा. सर निवृत्तीला आलेले, आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"हितं कुणाला फिजिक्स पाहिजे हुतं, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"झालं तर मग. मलाबी तुम्ही नको हुता. आता आलाईसा तर बसा."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या शेजारी जयसिंगपूरहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी बसली होती. घरचं धान्याचं दुकान, कॉमर्सला होती. तिनं डबा उघडून बाकाखाली धरला आणि मला म्हणाली, "घे. सकाळी सहाला निघालेय मी."

सरांनी बसपासून सुरुवात केली. ब्रेक लागला की आपण पुढं का जातो, वळणावर बाजूच्या माणसाच्या अंगावर का पडतो. हे ऐकायला बरं वाटत होतं. भरलेल्या सिटी बसमध्ये दांडी धरून रोज उभी राहणारी मी, मला ते अंगानंच ठाऊक होतं. मग सर फळ्याकडं वळले आणि अक्षरं लिहायला लागले. एफ, एम, ए. तिसरं अक्षर आलं आणि मला ऐकू येणं कमी झालं. सरांचे ओठ हलत होते. एका अक्षराला दुसऱ्यानं गुणलं तर काय होतं, एवढी साधी गोष्ट. पण मला फळ्यावर दादाची वही दिसत होती. त्याच्या वहीत असंच लिहिलेलं असायचं, बारीक, सुबक, एकाखाली एक.

दर मंगळवारी हा तास असायचा. सोमवारी संध्याकाळपासून मला जेवण जात नसे. आई विचारायची, तर मी बसचा वास लागला म्हणून सांगायचे.

जयसिंगपूरच्या मैत्रिणीला एकदा मी थोडं सांगितलं. दादाचं नाही, फक्त पोटाचं. ती म्हणाली, "अगं, दोन क्रेडिट आहेत. जीव नाही घेत कुणाचा." तिनं ते सहज म्हटलं, पण त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घेऊन बसमध्ये उभी होते.

शेवटी मी धीर करून सरांच्या खोलीत गेले.

"सर, मला हा विषय जमणार नाही."

"का?"

"भ्या वाटतंय."

"कशाचं?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून प्रॅक्टिकल हाय. हातानं कर. डोक्याचं नंतर बघू."

प्रॅक्टिकल लंबकाचं होतं. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि त्यावरून पृथ्वी वस्तू किती जोरानं ओढते ते काढायचं. मैत्रिणीनं स्टॉपवॉच घेतलं, मी मोजायला उभी राहिले. आमचं उत्तर दहाच्याही वर गेलं. पुस्तकात साडेनऊच्या पुढं, दहाच्या आत होतं. आजूबाजूच्या टेबलांवर सगळ्यांचं बरोबर आलं होतं. निम्म्यांनी पुस्तकातलंच उतरवलं होतं हे मला नंतर समजलं.

सरांनी आमचं जर्नल बघितलं. "कुठल्या गावची तू?"

"कळंब्याच्या पुढं."

"मग तिकडं दुधाचे कॅन जड लागत असतील."

सगळी लॅब हसली. सरांनी लाल पेननं 'पुन्हा करणे' लिहिलं. मैत्रीण खांदे उडवून बाटलीतलं पाणी प्यायली. माझे कान तापले होते. बसमध्ये दांडीला धरून मी उभी राहिले ती आपला स्टॉप मागं गेला तेव्हाच भानावर आले.

पुन्हा म्हणजे पुढचा मंगळवार. तेवढ्यात सराव करायचा तर घरी करावा लागणार होता. रविवारी आई-पप्पा नृसिंहवाडीला दर्शनाला गेले आणि दादा दूध घालायला बाहेर पडला. मी गोठ्यातल्या आडव्या पाईपाला सुतळी बांधली, तिला ट्रॅक्टरचा एक जुना मोठा नट अडकवला आणि मोबाईलचं घड्याळ लावून मोजायला लागले. म्हशी माना वळवून बघत होत्या. मी इतकी मोजण्यात होते की दादाची गाडी आल्याचं कळलंच नाही.

तो रिकामे कॅन हातात घेऊन दारात उभा होता. "काय करालाईस?"

माझ्या तोंडातून खरं तेच आलं. "झोके मोजालोय."

त्यानं नटाकडं बघितलं. मग म्हणाला, "अँगल मोठा घेतलाईस."

आणि कॅन धुवायला निघून गेला.

संध्याकाळी आई-पप्पा प्रसादाचे पेढे घेऊन आले. दादा जेवायला आला नाही. भूक नाही म्हणाला आणि अंथरुणावर पडला. आईनं माझ्याकडं बघितलं, मला चुलीपाशी ओढून नेलं आणि दबक्या आवाजात विचारलं, काय झालं म्हणून. मी सगळं सांगितलं. पर्यटन नाही, भौतिकशास्त्र आहे. गोठ्यात काय झालं तेही.

आई भाकरी थापायची थांबली. "त्याच्यासमोर कशाला काढलंस ते?"

"मी काढलं न्हाई. तो आला."

"सोडून दे तो विषय."

"सुटत न्हाई, आई. पोर्टल बंद झालंय."

पोर्टल म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण तिनं विचारलं नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती आतल्या खोलीच्या दाराकडं बघत राहिली.

सकाळी तिनं मला हलवलं तेव्हा अजून अंधार होता. दादाचं अंथरूण रिकामं होतं. गाडी दारात होती, म्हणजे चालतच गेला होता. आईनं माझी ओढणी माझ्या हातात दिली.

या वेळी मी चालत गेले नाही. दुचाकी काढली आणि तलावापर्यंत गेले. बंधाऱ्यावर कुणी नव्हतं. धुकं होतं, पाणी नीट दिसत नव्हतं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. फिरायला आलेल्या एका आजोबांना विचारलं, काळं जाकीट घातलेला कुणी दिसला काय? ते म्हणाले, न्हाई पोरी, काय झालं? मी काय सांगणार? दोन क्रेडिटच्या विषयासाठी मी गोठ्यात नट टांगला, असं? मी परत फिरले तेव्हा गाडी पहिल्यांदा चालूच झाली नाही, किल्ली फिरवायचीच राहिली होती.

घराच्या अलीकडं, आमच्या उसाच्या बांधावर दादा दिसला. डोक्यावर वैरणीचा भारा होता. उसाला पाणी द्यायची पाळी लवकर आली म्हणून पप्पांनी त्याला रात्रीच सांगून ठेवलं होतं. पप्पांनी ते आईला सांगितलं नव्हतं. एवढंच झालं होतं.

मी गाडी थांबवली. त्यानं भारा खाली टाकला. मी कुठून आले ते रस्त्यावरूनच त्याला कळलं असावं.

"तळ्याकडं गेलतीस?"

"व्हय."

तो बांधावर बसला. "तवाबी यायचीस मागनं. गाड्यांच्या आडाला उभी ऱ्हायचीस. दिसायचीस मला."

मला रडू आलं. त्यानं रडू दिलं. मग वैरणीतली एक काडी तोडत तो बोलायला लागला. एवढी वर्षं त्यानं हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी घरी आलो ते येत न्हवतं म्हणून न्हाई, बारके. मला येत हुतं. खोलीत बसून सोडवलं तर सगळं यायचं. पेपर समोर आला की अक्षरं दिसायची बंद व्हायची. दर रविवारी टेस्ट, आणि टेस्टच्या नंबरानं बसायला बाक. मी मागं मागं जात गेलो. शेवटी दाराजवळ आलो, आणि एक दिवस दारातनं बाहेर."

मी विचारलं, "अक्षरं खरंच दिसत न्हवती?"

"व्हय."

मी त्याला फळ्याचं सांगितलं. सरांचे ओठ हलतात आणि ऐकू येत नाही ते. सोमवारचं जेवण. सांगताना मला जास्तच भीती वाटायला लागली, कारण माझ्या मनात आतापर्यंत नुसती शंका होती ती आता उजेडात आली होती: त्याला झालं तेच मला होणार. घराण्यात काही असतं तसं. त्यानं ते ओळखलं की नाही ठाऊक नाही. तो उठला, भारा डोक्यावर घेतला आणि म्हणाला, "चल. आई तिकडं वाट बघालीया."

त्या संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर, त्यानं मला गोठ्यात हाक मारली. पाईपाची सुतळी त्यानं बदलली होती आणि नट थोडासाच बाजूला ओढून धरला होता.

"मोठ्यानं मोज."

त्यानं नट सोडला. मी म्हटलं, "एक."

"थांब. सोडलं की एक म्हणतीस. अजून गेलं कुठं ते? जाऊन परत आलं की एक. सोडताना शून्य म्हण."

म्हणजे मी वीस म्हणायचे तेव्हा झोके एकोणीसच झालेले असायचे. एवढीच चूक. उत्तर त्यामुळंच वर जात होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच दारात आई उभी असलेली दिसली. ती आत आली नाही. पदर तोंडाशी धरून दादाकडं बघत होती. आम्ही मोजत राहिलो.

मंगळवारी आमचं उत्तर बरोबर आलं. सरांनी जर्नलवर सही केली.

दादानं मला पुढं शिकवलं असं नाही. एक-दोनदा विचारलं तर त्यानं सांगितलं, एकदा "आज नगं" म्हणाला. त्या "आज नगं"च्या दिवशी मी आणि आई उगाच दोनदा त्याच्या खोलीत डोकावलो. तो मोबाईलवर कुस्ती बघत होता.

सेमिस्टरच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरच्या एक मॅडम तपासायला आल्या होत्या. चिठ्ठी उचलायची होती. मला लंबक आला नाही, भिंग आलं. त्याचं नाभीय अंतर काढायचं होतं. वर्गात मी ते दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा आलं होतं. टेबलाशी जाऊन मी भिंग हातात घेतलं, समोरचा कागद वाचायला गेले आणि अक्षरं हलली. आधी कडा गेल्या, मग मधलं. आलं, असं मी मनात म्हटलं. हेच ते. दारापर्यंत किती पावलं असतील याचा अंदाज मी खरोखर घेत होते. दोन टेबलं सोडून मैत्रीण माझ्याकडं बघून काहीतरी खुणावत होती, तेही मला कळत नव्हतं.

सर फेरी मारत आले. "काय झालं?"

"सर, मला दिसत न्हाई."

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी आवाज खाली आणला. तसा आवाज त्यांना आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"कागद ठेव खाली. स्टुलावर बस. भिंग खिडकीकडं धर आणि मागं पुठ्ठा धर. मी उत्तर सांगत न्हाई हां, बसायला सांगतोय."

मी बसले. भिंग धरलं, पुठ्ठा मागं-पुढं केला. पुठ्ठ्यावर आधी नुसता उजेड आला. मग तो आवळत गेला आणि कॉलेजचं मैदान तिथं उलटं दिसायला लागलं. पार्किंगमधल्या गाड्या चाकं वर करून, आणि त्यांच्यामधून उलटा चालणारा वॉचमन, बारका, रंगीत. मी त्याच्याकडं बघत बसले. तो गेटपर्यंत गेला आणि परत आला. मग पट्टी घेऊन भिंग ते पुठ्ठा मोजलं. आकडे लिहायला कागद ओढला तेव्हा अक्षरं जागेवर होती.

मॅडमनी तोंडी प्रश्न विचारले त्यातल्या दोनांची उत्तरं आली, बाकीची नाहीत. "घाबरू नका," असं त्या तीनदा म्हणाल्या. म्हणजे माझ्याकडं बघून कळत असणार.

मी पास झाले. बी ग्रेड. मैत्रिणीला ए मिळाला, आणि तिला तो कसा मिळाला हे तिलाही समजलं नाही. पुढच्या सेमिस्टरला मी अर्ज पहिल्याच दिवशी भरला आणि बँकिंग घेतलं. भौतिकशास्त्राची गोडी लागली वगैरे काही झालं नाही. भीती गेली असंही नाही. फक्त ती आली की काय करायचं ते आता मला माहीत आहे. बसायचं, हातात काहीतरी धरायचं. कधी उपयोग होतो, कधी नाही.

दादाला मी परीक्षेत काय झालं ते सांगितलं, अक्षरं गेल्याचंसुद्धा. त्यानं एकच विचारलं, "मग परत आली?" मी म्हटलं, आली.

या उन्हाळ्यात पप्पांनी दुधासाठी टेम्पो घ्यायचं ठरवलं, आणि इतके दिवस दुचाकी तशीच चालवणाऱ्या दादाला लायसन काढायची वेळ आली. शिकाऊ लायसनला कॉम्प्युटरवर चाचणी असते, प्रश्न आणि चार पर्याय. पहिल्यांदा तो एकटाच गेला आणि चाचणी न देताच परत आला. गर्दी होती म्हणाला. त्या दिवशी आईचा भात करपला.

दुसऱ्या वेळी मी त्याच्याबरोबर गेले. रांगेत आम्ही सिग्नलच्या खुणांवरून एकमेकांना प्रश्न विचारत होतो. त्याला सगळ्या येत होत्या. नंबर पुकारला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, शर्टाला हात पुसले आणि आत गेला. मी बाहेर कडुनिंबाखाली उभी राहिले. दार उघडलं की दरवेळी मी मान वर करायचे, आणि दरवेळी दुसरंच कुणीतरी असायचं. सोमवारसारखंच मला सकाळपासून जेवण गेलं नव्हतं, आता दुसऱ्यासाठी.

मग तो बाहेर आला. हातात कागद होता. उन्हाला डोळे बारीक करून त्यानं इकडं तिकडं बघितलं, मी दिसल्यावर सावकाश चालत आला आणि म्हणाला, "गाडी कुठं लावलाईस? चल, धारंची वेळ झाली."

कागद त्यानं मला दाखवला नाही. घरी गेल्यावर आईला दाखवला, आणि तिनं तो देवापुढं ठेवला.